पांढऱ्या खडीच्या वळणावर

ताई, त्या दिवशी हेल्मेटमधला तुझा आवाज मी मुद्दाम बंद केला होता. बॅटरी संपली नव्हती. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा मी बॅटरीचं नाव पुढे केलं, आणि तू म्हणालीस, "असेल, दिवसभर बडबडतच होते." त्या दिवशी मी दोनदा खोटं बोललो. त्यातलं हे लहान. मोठं तुला माहीत होतं, कारण ते तुझ्यासमोरच बोललो होतो. हे लहान मात्र तुला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून आधी तेच सांगतोय.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. भांडुपच्या तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. मीना दोनदा म्हणाली, जाऊन खिडक्या तरी उघडून ये. मी अजून गेलेलो नाही.

इटलीची ती सहल ही माझी हौस. पुढे वाटाड्या, त्याच्या मागे भाड्याच्या मोटरसायकलींवर आम्ही पाचसहा जण, सगळ्यात मागे सामानाची व्हॅन, आणि आठवडाभर टस्कनीच्या टेकड्यांतून फिरायचं. जोडीनं जायचं होतं. पण मीनाला मागच्या सीटवर ऐरोलीच्या पुलापर्यंतसुद्धा चक्कर येते. तीच म्हणाली, "ताईंना ने. मागं कसं बसायचं ते त्यांच्याइतकं आपल्यात कुणाला येतं?"

खरंच होतं ते. भावोजी होते तोवर तुम्ही दोघं दर मे महिन्यात भांडुपहून गावाला मोटरसायकलनंच जायचात. साडी नेसून, एका बाजूला बसून, मांडीवर पिशवी धरून तू अख्खा घाट उतरायचीस. गाडी चालवायची तुला कधी इच्छा झाली नाही. पण मागं बसणं हे तुझं होतं. "ह्यांनी एवढ्या वर्षांत एकदा मागं वळून 'नीट बस' म्हटलं नाही," असं तू सांगायचीस, आणि सांगताना मान जरा ताठ व्हायची. भावोजी गेल्यावर तू फारसं काही मागितलं नाहीस. इटलीचं विचारलं तेव्हा मात्र अर्धं वाक्य व्हायच्या आत हो म्हणालीस.

निघायच्या आधी नाहूरला आमच्या सोसायटीच्या आवारात आपण सराव केला. तुझ्या भाचीची, सईची, ट्रॅक पँट घालून तू माझ्या उभ्या गाडीवर पहिल्यांदा दोन्हीकडे पाय टाकून बसलीस. वॉचमन बिचारा मान वळवून कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहिला. वरून मीना हसत होती. तू हँडलच्या आरशात माझ्याकडे बघून म्हणालीस, "हे तर सोपंच आहे की रे. एका बाजूला बसलं की वळण यायच्या आधी अंगाला कळावं लागतं. नाहीतर गाडी पुढे आणि मी रस्त्यावर." हे वाक्य मी ऐकलं होतं, ताई. हे ऐकलेलं असूनही पुढे मी जे केलं ते केलं.

तिथं पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी पाओलोनं, आपल्या वाटाड्यानं, सगळ्यांना अंगणात बसवून नियम सांगितले. गाडी उजवीकडून चालवायची. मागच्या माणसानं पुढच्याच्या अंगाबरोबर झुकायचं. खांद्यावर एकदा थोपटलं की हळू, दोनदा थोपटलं की थांब. मागे एखादं माणूस असताना चालवणाऱ्याच्या चुकीनं गाडी पडली, तर त्याची किल्ली पाओलोकडे जाईल आणि उरलेली सहल तो व्हॅनमधून करील. यावर चर्चा नाही, असं तो हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. मी तुला मराठीत सगळं सांगितलं. तू म्हणालीस, "बरोबर आहे त्याचं."

पहिले तीन दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. हेल्मेटमध्ये एकमेकांशी बोलायची सोय होती आणि तू ती पुरेपूर वापरलीस. द्राक्षांच्या रांगा बघून तुला गावच्या काजूंची आठवण आली. आपल्या काकांनी कलमं अशी सुतात लावली असती तर भावकीत भांडणं झाली नसती, असं तुझं मत पडलं. "डावीकडे बघ, किल्ला आहे... नको, तू नको बघू. मेल्या, तू रस्त्याकडे बघ. मी बघते आणि सांगते." असं तीन दिवस चाललं. मी रस्ता बघितला, टस्कनी मी तुझ्याकडून ऐकली. दुपारच्या थांब्यावर तू चिवड्याचा डबा उघडायचीस आणि पाओलो सगळ्यात आधी हात पुढे करायचा. तो तुला सिन्योरा ताई म्हणायचा. तू त्याला पाव्हलो म्हणायचीस.

आणि वळणावर, ताई, तू मागे आहेस हे कळायचंच नाही. इतकी माझ्याबरोबर असायचीस.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते तुला दिसत नव्हतं. कंपनीतल्या आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये पुढे मी असतो. मालशेजला माझ्या मागून दहा गाड्या येतात. तिथं मी सगळ्यात शेवटी होतो. माझ्याहून वयानं मोठा एक ऑस्ट्रेलियन, मागे त्याची बायको, रोज मला ओलांडून जायचा आणि ती बाई तुला हात करायची. चौथ्या दिवशी सकाळी पाओलो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की आज खडीचा रस्ता आहे, तू सावकाश ये, आम्ही वर थांबू. भल्या मनानं म्हणाला तो. मला ते लागलं. आपली गाडी बाकीच्यांसाठी लोढणं झाली आहे, असं मी ठरवून टाकलं.

टेकडीवरचा तो रस्ता पांढऱ्या खडीचा होता. उन्हात डोळ्यांवर यायचा. दोन्हीकडे कापून टाकलेली शेतं. बाकीच्यांची धूळ पुढे दिसत होती आणि ती लांब लांब जात होती. मी वेग वाढवला. तू म्हणालीस, "सुन्या, हळू." मी हो म्हटलं आणि आणखी वाढवला. "अरे, ते थांबणार आहेत म्हणाला ना तो?" मग तू माझ्या खांद्यावर एकदा थोपटलंस. मागचं चाक खडीत जरा घसरलं, सावरलं, आणि तू पुन्हा बोलायला लागलीस. तेव्हा मी डाव्या हाताचा अंगठा हेल्मेटच्या कडेला नेला आणि बटण दाबलं.

एकदम शांत झालं. नुसता वारा. मला बरं वाटलं, ताई, हे मला कबूल करायला हवं.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला माहीत नाही. फार नसेल. त्या वेळात तू बोलत होतीस का, काय बोलत होतीस, हे मी तुला कधी विचारू शकलो नाही, कारण मग बटणाचं सांगावं लागलं असतं. उतार लागला. पुढे उजवं वळण होतं. तू माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलंस. दोनदा, स्पष्ट. मग पुन्हा दोनदा, जोरात. वळण वाटलं त्यापेक्षा आवळ निघालं आणि मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. खडीवर पुढच्या ब्रेकला हात लावू नका, असं पाओलोनं त्याच सकाळी सांगितलं होतं. पुढचं चाक अडकलं, बाजूला निसटलं, आणि गाडी आपल्याला घेऊन आडवी झाली.

मी उठलो तेव्हा तू रस्त्याच्या कडेला बसली होतीस. डावा हात उजव्या हातात धरला होतास. अंगभर पांढरी धूळ. पहिलं वाक्य तुझं होतं, "तुला लागलं का रे?"

पाओलो परत आला, मागून व्हॅन आली. त्यानं तुझा हात बघितला, मग खडीवर उमटलेली चाकाची रेघ बघितली, आणि मला विचारलं, काय झालं. माझ्यासमोर त्याचा पसरलेला हात होता. खरंतर तो तुला उठवायला पुढे केलेला होता. मला वाटलं, किल्ली मागतोय. मी इंग्रजीत म्हणालो की वळणावर पॅसेंजर उलट्या बाजूला हलली. तिला असं बसायची सवय नाही, ती आयुष्यभर एका बाजूला बसली आहे, असंही वर जोडलं. किती पटकन सुचलं ते मला.

पाओलोनं तुझ्याकडे वळून विचारलं, "सिन्योरा?"

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. लहानपणी मी काच फोडल्यावर आई विचारायला यायची, तेव्हा तू जशी बघायचीस तसं. मग म्हणालीस, "येस. आय मूव्ह."

माझी किल्ली माझ्याकडे राहिली. तुझं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून तू पुढचे सगळे दिवस व्हॅनमध्ये सामानाच्या पुढच्या सीटवर बसून काढलेस, आणि मी मोकळ्या गाडीवरून सगळ्यांच्या बरोबरीनं फिरलो. एका संध्याकाळी तू एवढंच म्हणालीस, "व्हॅनच्या काचेतून सगळं लांब दिसतं." मी विषय बदलला. तुझं वेणीफणीचं काम ती ऑस्ट्रेलियन बाई करत होती.

तू तिथं मला का वाचवलंस, याचं मला कधी नवल वाटलं नाही. तू नेहमीच वाचवायचीस. पण ते त्या परक्या रस्त्यापुरतं होतं, हे मला कळायला हवं होतं. घरी गेल्यावर मी आपणहून खरं सांगेन असं तू धरून चालली होतीस.

आपण आलो त्या रविवारी सगळे नाहूरला जमले. आपला मावसभाऊ विलास दारातूनच ओरडला, "काय गो ताय, हातात काय आणलंस इटलीतून?" तू हसलीस आणि माझ्याकडे बघितलंस. तू वाट बघत होतीस. आणि मी सांगायला लागलो. रंगवून सांगितलं, ताई. तू वळणावर कशी घाबरलीस, कशी उलटी कललीस, गाडी कशी नव्या नवरीसारखी अलगद आडवी पडली. लोक हसले. सई हसली. माझ्या गोष्टीतल्या तुझ्यावर लोक हसत होते आणि तू आत जाऊन एका हातानं पोह्यांच्या बश्या भरायला लागलीस.

मग ती गोष्ट विलासची झाली. लग्नाला, बारशाला, गणपतीत आरती झाल्यावर. 'ताय इटलीत भावाक पाडून इली' हे त्याचं सुरुवातीचं वाक्य. प्रत्येक वेळी काहीतरी नवीन. एकदा म्हणाला, भावोजींचं नशीब थोर म्हणायचं, एवढी वर्षं जिवंत राहिले. सगळे हसले. तू उठलीस आणि चहाचं आधण बघायला गेलीस. चहा तर नुकताच झाला होता. मी जागेवरून हललो नाही.

तू रविवारी सकाळी सईच्या स्कूटरवर मागे बसून भांडुपच्या बाजारात मासे आणायला जायचीस. दोघींचा तो कार्यक्रम होता. कोळणीशी तू भाव करायचीस आणि सई पिशवी धरायची. एकदा मीनानं काळजीनं सईला सांगितलं, "आत्याला मागे घेऊ नकोस गं, रिक्षानं जा." तू तेव्हा बाहेरच्या खोलीत होतीस. तुला ऐकू गेलं. पुढच्या रविवारपासून तू बाजारात एकटी चालत जायला लागलीस. सई विचारायची, आत्या बोलवत का नाही आता. तिलाही मी काही सांगितलं नाही.

तू माझ्याशी यावर एकदाच भांडलीस. औषधाच्या दुकानासमोर मी तुला गाडीवर बस म्हणालो. तू पिशवी दुसऱ्या हातात घेऊन म्हणालीस, "नको. माझ्यामुळे पडशील." तुझ्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी म्हटलं, ताई, गंमत आहे ती, किती मनाला लावून घेतेस, विसरतील लोक.

"विसरायला मी काय केलंय?" तू म्हणालीस.

मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तू रस्ता ओलांडून गेलीस आणि मी हेल्मेट घालून सरळ कांजूरमार्गला ऑफिसला गेलो. त्या दिवशी मीटिंगमध्ये मी काय बोललो ते मला आठवत नाही. संध्याकाळी फोन करायचं ठरवलं होतं. केला नाही. दुसऱ्या दिवशी तुझाच आला, सईच्या परीक्षेचं विचारायला. वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं हे मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये कळलं. तेव्हा तू बरीच अशक्त झाली होतीस, पण डोकं स्वच्छ होतं. नर्स सलाइन बदलून गेली, मीना खाली डबा धुवायला गेली होती, आणि मी तुझ्या त्याच डाव्या मनगटाजवळ खुर्ची ओढून म्हणालो की ताई, इटलीचं... माझं चुकलं होतं. हळू आवाजात म्हणालो. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला ऐकू जाईल असं मला वाटत होतं. त्या अनोळखी माणसाचीसुद्धा मला लाज वाटली, ताई.

तू डोळे उघडलेस. "मला कशाला सांगतोस? मी होते ना तिथं. जे नव्हते त्यांना सांग."

मी म्हटलं, तू घरी ये. तू घरी आलीस की सगळ्यांना बोलावतो आणि तुझ्यासमोर सांगतो. तुला शब्द दिल्यासारखं मी ते म्हणालो, पण ती पुढची तारीख होती, आणखी काही नाही. तुला ते कळलं.

"माझी वाट बघू नकोस," तू म्हणालीस. मग पाणी मागितलंस. मी चमच्यानं पाजलं. तू माझा हात बाजूला केला नाहीस, याचा मी त्या वेळी सोयीचा अर्थ घेतला.

मी वाट बघितली. त्यानंतरही तीन आठवडे तू होतीस. विलास रोज यायचा, सई कॉलेजमधून थेट यायची, मीना तर तिथंच असायची. सांगायला सगळे होते. मी रोज ठरवायचो, आज नको, आज ताई थकली आहे.

तुझ्या तेराव्याला जेवणं झाली. मंडळी सतरंजीवर टेकून बसली होती. मुंबईबाहेरचे नातेवाईक निघायच्या आधी थोडं बोलत होते. कुणी तुझ्या हातच्या सोलकढीचं सांगितलं, कुणी तू कुणाच्या बाळंतपणात महिनाभर राहिलीस त्याचं. विलास इतका वेळ कोपऱ्यात बसून रडत होता. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि वातावरण हलकं करायला म्हणून बोलायला लागला, "ताय इटलीत गेलेली ते ठाऊक आहे ना सगळ्यांना?"

लोक भरल्या डोळ्यांनी हसायला लागले. खरं सांगतो, तेव्हा मी सगळ्यात जास्त घाबरलो. खडीवर गाडी निसटली तेव्हासुद्धा इतका नाही. कारण आता त्या गोष्टीत टोमणा उरला नव्हता. ते सगळे तुझ्यावरच्या मायेनं हसत होते. सईचं डोकं मीनाच्या खांद्यावर होतं आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला होता. मी गप्प राहिलो असतो तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. उलट मी बोललो तर तेराव्याच्या दिवशी तमाशा. आणि मला दिसलं, की आज गप्प राहिलो तर तू कायमची तीच राहशील. सईच्या मुलांनाही तू तशीच सांगितली जाशील, घाबरून कललेली, भावाला पाडणारी.

विलास वळणापर्यंत आला होता. मी उभा राहिलो. तो म्हणाला, "बस रे, मी सांगतोय ना."

मी म्हटलं, "विलास, ही गोष्ट खोटी आहे. मी बनवलेली आहे."

त्याला आधी वाटलं, मी रडण्याच्या भरात बोलतोय. त्यानं माझा हात धरून मला खाली बसवायला बघितलं. मी हात सोडवून घेतला. मग मी सगळं सांगितलं, वेगाचं, खांद्यावरच्या थापांचं, ब्रेकचं, किल्लीचं. आवाज फाटत होता. मध्येच कुणाचा तरी फोन वाजला आणि त्यानं तो न बघता बंद केला. मीना माझ्याकडे अशी बघत होती की इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं. विलास खाली सतरंजीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

सई म्हणाली, "बाबा, मग आत्या कधी काही बोलली का नाही?"

"ती मी बोलायची वाट बघत होती," मी म्हणालो.

सई उठून आतल्या खोलीत गेली. तिनं दार लावून घेतलं. मला तिच्या मागे जावंसं वाटलं, पण माझं अजून संपलं नव्हतं, आणि ते अर्धवट सोडून मी पुन्हा कधी पूर्ण केलं नसतं, हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. म्हणून दाराआड सईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, सगळ्यांसमोर उभा राहून, मी तुझ्याशी बोललो.

"ताई, गाडी मी पाडली. तू अगदी नीट बसली होतीस, भावोजींच्या मागे बसायचीस तशीच. तुझा हात माझ्यामुळे मोडला, आणि तुझं नाव मी खराब केलं. तू असताना सांगायला हवं होतं, माझी हिंमत झाली नाही. माझं चुकलं. मला माफ कर."